आप्पांना फोनचा आग्रह

दौलतआप्पा मोबाइल उघडण्याआधी टोपी सरळ करतात.

फोन आला तर नाही हं. साधा फोन ते गोठ्यात शेण काढता काढता, उघड्या डोक्यानं घेतात आणि पलीकडच्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात. टोपी सरळ होते ती फक्त खरेदीच्या ॲपसाठी. सकाळी डेअरीत दूध घातलं की माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसायचं, किटली पायाशी ठेवायची, टोपीची टोकं ओढून नीट करायची, बोटं सदऱ्याला पुसायची आणि मग त्या चित्रावर अंगठा ठेवायचा. वर अक्षरं येतात, 'नमस्कार दौलतराव! खास तुमच्यासाठी निवडलेलं.' आप्पा ती मोठ्यानं वाचतात. रोज. वर उत्तरही देतात, "हां, नमस्कार, नमस्कार." मग माझ्याकडं वळून म्हणतात, "बघ बाळू, सारं न्हावरं गाव मला आप्पा म्हणतंय. राव म्हणणारा ह्यो एकच."

बाळू म्हणजे मी. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी गावात मी बाळूच. एसटी स्टँडला लागून माझं जनरल स्टोअर आहे. सुईदोऱ्यापासून प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळतं. मिळायचं म्हणा. आता लोक कुकरची शिट्टीसुद्धा फोनवरून मागवतात. आणि मजा पुढंच आहे. आमच्याकडं लोक राहतात रानातल्या वस्त्यांवर. कुरिअरवाल्याला वस्ती सापडत नाही. म्हणून तो सगळ्यांची पार्सलं आणून ठेवतो कुठं? माझ्या काउंटरवर! माझ्याच गिऱ्हाइकांनी माझ्याकडून न घेतलेल्या वस्तू मीच सांभाळतो, मीच हातात देतो, आणि वर "बाळू, खोका कोपऱ्यात दबलाय रे" हेही मीच ऐकून घेतो. असो. माझं रडगाणं पुन्हा कधीतरी.

तर आप्पांच्या या नादाची सुरुवात एका दाव्यानं झाली. म्हैस बांधायचं दावं. माझ्याकडं सुंभाचं होतं, नायलॉनचं होतं, पण आप्पांना फोनमध्ये बघायचं होतं. बघितलं. ॲपला बिचाऱ्याला म्हैस काय ठाऊक? गळ्यात दोरी बांधायची म्हणजे कुत्रंच, असं त्यानं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आप्पांना कुत्र्याचे पट्टे दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी कुत्र्याचा रेनकोट.

आप्पांकडं कुत्रं नाही. होतं ते बिबट्यानं नेलं. तरी आठवड्यानं माझ्या काउंटरवर पिवळा रेनकोट येऊन पडला, चार पायांचा, शेपटीला भोक असलेला.

"आप्पा, हे कशाला?"

"त्यानं तीनदा विचारलं."

"कुणी?"

"ह्यानं." फोन वर करून दाखवला. "पंगतीत वाढपी एकदा आला, नको म्हणावं. दुसऱ्यांदा आला, पुरे म्हणावं. तिसऱ्यांदा आल्यावर पानावर हात आडवा धरायचा न्हाई, बाळू. त्यो अपमान व्हतो. गपगुमान घ्यायचं. ही आपली रीत हाय."

आता बोला! जेवणावळीचा नियम आप्पांनी जसाच्या तसा फोनला लावला होता. ॲपवरून एखादी वस्तू एकदा आली तर आप्पा मान हलवायचे. दुसऱ्यांदा आली तर "नको रं बाबा" म्हणायचे. तिसऱ्यांदा घंटी वाजली की घ्यायचेच. आणि ते ॲप तरी काय साधं? त्यानं महिन्याभरात आप्पांना पुरतं ओळखलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा, अशा तीन घंट्या वाजवून ते मोकळं व्हायचं. रेनकोट रेडकाला घातला. ते रेडकू अजून आप्पांना बघून मागं सरकतं.

रेनकोट घेतला म्हटल्यावर कुत्र्याचा शाम्पू आला. शाम्पू घेतला म्हणून केस विंचरायचा ब्रश. ब्रशवरून त्याला वाटलं माणूस नटायचा शौकीन दिसतोय, म्हणून दाढीचं तेल. आप्पांना दाढी नाही. ते तेल ते बैलगाडीच्या जुन्या चाकाला लावतात, आणि चाक म्हणे झकास फिरतंय. चपलांचे दोन जोड असलेल्या घरात बारा जोडांचं कपाट आलं. पाठ खाजवायचा लांब होणारा पंजा आला. तो मात्र कामाचा आहे, मीही एकदा मागून घेतला होता.

'फक्त दोन शिल्लक' असं आलं की आप्पांचा ऊर भरून यायचा. "माझ्यासाठी दोन राखून ठेवलीत बघ." आणि एखादी वस्तू निवडून तशीच ठेवली की ॲप लिहायचं, 'तुमच्या कार्टमधल्या वस्तू तुमची वाट बघत आहेत.' हे वाचलं की आप्पांना चहा गोड लागायचा नाही. "वाट बघत्यात रं बिचाऱ्या," म्हणत पुन्हा टोपी सरळ.

माझा संताप कशावर होता सांगू? हे सगळं मी तीस वर्षं करत आलोय! कुणाच्या घरी पोरगी उजवायची आहे, कुणाची सून माहेरून येणार आहे, कुणाला कोणता साबण लागतो, सगळं मला तोंडपाठ. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी वस्तू काढून ठेवायचो. तर मला लोक म्हणायचे, बाळू भोचक आहे. आता तेच एक यंत्र करतंय तर ते हुशार! एकदा मी चिडून पाटीवर खडूनं लिहिलं, 'दौलतआप्पांसाठी खास : चहापूड.' आप्पांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मग आजपातूर मला जी दिलीस ती कुणासाठी व्हती?"

पाटी पुसून टाकली.

आता मूळ गोष्ट सांगतो, त्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत. आप्पांना एकच मुलगी, शुभांगी. सगळे शुभी म्हणायचे. रांजणगावला कारखान्यात क्वालिटीला होती. रोज सकाळी कंपनीची बस इथूनच पकडायची आणि बस येईपर्यंत माझ्या बाकड्यावर बापाशी भांडत बसायची. आप्पांना हा फोन तिनंच घेऊन दिला, ॲप तिनंच टाकून दिलं. दोन वर्षांपूर्वी तिनं कारखान्यातल्याच एका पोराशी रजिस्टर लग्न केलं. राकेश त्याचं नाव, गोरखपूरकडचा. पोरगं निर्व्यसनी, कामसू. पण घरी विचारलं नव्हतं ना! दोघं पाया पडायला आले तर आप्पांनी दारातूनच परत लावले. आणि त्याच तिरीमिरीत इथं येऊन, दहा-बारा माणसांसमोर, याच बाकड्यावर बसून म्हणाले, "आजपासनं तिचं नाव माझ्या तोंडात न्हाई. आन् माझ्या घरची काडी तिच्या दारात जाणार न्हाई. आइका सगळ्यांनी."

ऐकलं सगळ्यांनी. आमच्या गावात कर्ज विसरतील, पण असलं बोलणं कुणी विसरत नाही.

तेव्हापासून आप्पा कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. आमच्याकडं लग्नात माइकवरून नावं पुकारून टॉवेल-टोपीचा मान देतात. आप्पांचं नाव पहिल्या पाचात असायचं, 'दौलतराव' म्हणूनच. पण मांडवात गेलं की कुणीतरी विचारणार, पोरगी काय म्हणती? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं माणसानं सगळे मांडव सोडले. राहिलं माझं बाकडं आणि तो फोन.

तर गेल्या पावसाळ्यात आप्पा बुचकळ्यात पडले. "बाळू, ह्यो मला बारका कुकर दावतोय. मी कवा बघितला कुकर?"

"बघितला असेल. अंगठा लागला असेल."

"न्हाई लागला. आन् हे बघ, पोळपाट. खिडकीचा पडदा, एकाच खिडकीचा. माझ्या घराला सहा खिडक्या हायत."

मी म्हटलं, वय झालं तुमचं. मात्र त्या दिवसापासून ते फोन माझ्याकडं पाठ करून बघायला लागले. मोठ्यानं वाचणं बंद, 'नमस्कार' तेवढा तोंडातल्या तोंडात. गावाला काय, तेवढंच पुरतं. म्हातारा नको ते बघतोय, इथपर्यंत चर्चा गेली. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होतो.

मग दिवाळीनंतर एके दिवशी आप्पांनी स्वतःच फोन माझ्यापुढं धरला. एक उशी होती, माणसाएवढी लांब, वाकवून नाल केलेली.

"ही उशी अशी वाकडी का रं?"

आतून आमची मंडळी चहा घेऊन आली होती. तिनं वाकून बघितलं आणि माझ्याआधी बोलली, "अहो, पोटुशी बाईला कुशीवर झोपायला घेतात तसली. हल्लीच्या पोरी घेतात."

आप्पांचा हात टोपीकडं गेला. टोपी सरळच होती. तरी त्यांनी ती काढली, झटकली, पुन्हा घातली. चहा न पिता किटली उचलून निघून गेले.

दोन दिवसांनी मी शहाणपणा करायला गेलो. आप्पांची तक्रार डोक्यात होतीच. फोन घेऊन सेटिंगमध्ये शिरलो तर तिथं स्वच्छ लिहिलेलं, हे खातं दोन फोनवर चालू आहे. मला वाटलं सापडला चोर!

"आप्पा, तुमचं खातं दुसरं कुणीतरी वापरतंय. ते जे बघतं तेच तुम्हाला दिसतं. थांबा, एक बटण दाबतो, बाहेरच काढतो त्याला."

"हात लावू नगंस!"

बासष्ट वर्षांचा माणूस एवढ्या चपळाईनं झेपावला की किटली कलंडली. माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि छातीशी धरला. मग बाकड्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ठावं हाय मला कोण हाय ते. कुकर दिसला तवाच कळलं. खातं तिनंच काढून दिलं व्हतं, माझ्या नंबरवर. तिच्या फोनात राहून गेलंय."

"मग इतके दिवस..."

"ते वरचं नाव बी तिनंच टाकलंय, बाळू. मी म्हटलं, दौलत टाक नुसतं. तर म्हणाली, न्हाई, राव टाकणार."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. हा माणूस दोन वर्षं टोपी सरळ करत होता ती कुणासाठी! आम्ही हसत होतो. माझी मलाच लाज वाटली.

पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. आप्पांनी डिंकाचे लाडू शोधले आणि कार्टमध्ये टाकून ठेवले. घेतले नाहीत, नुसते ठेवले. कार्ट दोन्ही फोनमध्ये एकच दिसते ना. दुसऱ्या दिवशी बघतो तर लाडवांच्या खाली एक वस्तू येऊन बसलेली : गुडघ्याचा पट्टा, मोठ्या मापाचा, डाव्या पायाचा. आप्पांचा डावा गुडघा उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यापासून दुखतो. हे ॲपला कधी कुणी सांगितलेलं नाही. त्या गुडघ्याला तेल कोण चोळायचं ते मला माहीत होतं.

आप्पांनी अळीव टाकले. मेथी टाकली. आणि चार दिवसांनी पत्त्यांच्या यादीत, 'घर, न्हावरे' याच्या खाली, एक नवा पत्ता आपोआप उगवला. रांजणगावची एक चाळ, खोली नंबर सात.

आप्पांनी तो पत्ता पाचएक मिनिटं बघितला असेल. मग म्हणाले, "दाब."

"कोणता?"

"खालचा."

मी मुद्दामच म्हटलं, "आप्पा, घरची काडी जाणार नव्हती."

"घरचं कुठं हाय? भिवंडीच्या गोडाऊनमधनं जातंय. आपल्या उंबऱ्याचा काय संबंध?" आणि वर, "त्यो एवढं म्हणतोय तर पाठवावं लागतंय."

वकील झाला असता हा माणूस. महिनाभर असंच चाललं. इकडून लाडू, तिकडून पट्टा. इकडून दुपटी, तिकडून आप्पांसाठी कानटोपी. माझ्या काउंटरवर पार्सलं येत होती, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग येत नव्हता. पण बोलणं? एक शब्द नाही. फोनमध्ये दोघांचे नंबर होते, आणि बोलायचं तेवढं सोडून दोघं बाकी सगळं करत होते.

घोडं अडलं कुंचीपाशी. माहेरून बाळंतविडा जायचा तर त्यात बाळाच्या डोक्याला कुंची हवीच. आप्पांनी ॲपवर कुंची शोधली. ॲपनं सशाच्या कानांची टोपडी दाखवली, सांताक्लॉजची दाखवली. आप्पा भडकले. "ही कुंची न्हाई! ही तमाशाची टोपी हाय. एवढं सारं कळतंय त्याला, आन् कुंची कळत न्हाई?"

कुंची घरी तयार होती. कमलवहिनी, म्हणजे आप्पांच्या मंडळी, यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. बायकांना असतंच. त्यांनी धुऊन धुऊन मऊ झालेल्या आपल्या जुन्या लुगड्याची कुंची शिवली होती, त्याच कापडाची गोधडी शिवली होती, आणि महिनाभर ट्रंकेत ठेवून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

काल सकाळी आप्पा ते गाठोडं घेऊनच आले. जुन्याच पार्सलच्या खोक्यात बांधलेलं. बाकड्यावर ठेवलं आणि चाचरत म्हणाले, "बाळू, ते लोक परत न्यायला येत्यात न्हवं, नको असलेलं? तसं हे त्येंच्या गाडीत टाकून देता येईल का?"

"ते त्यांचंच परत नेतात, आप्पा. तुमच्या घरचं नाही नेत."

"आसं व्हय."

"असंच."

ते गाठोड्याकडं बघत बसले. आता हे मात्र खरंच घरचं होतं. भिवंडीचं काही चालणार नव्हतं. रांजणगावला जायचं तर आधी शिरूरची एसटी धरायची, ती यायला वीस मिनिटं होती. आप्पा उठेनात. दोन वर्षांपूर्वीचं ते बोलणं त्याच बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसलं होतं. आणि खरं सांगतो, माझी सहनशक्ती संपली.

"आप्पा, तिनं किती वेळा विचारलं?"

"आं?"

"मोजा. उशी दाखवली, एकदा. गुडघ्याचा पट्टा ठेवला, दोनदा. पत्ता टाकला, तीनदा. तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरायचा नाही, ही रीत कुणाची? कुत्र्याच्या रेनकोटाला लावलीत, दाढीच्या तेलाला लावलीत, आणि पोटच्या पोरीला नाही?"

मी जरा मोठ्यानंच बोललो. स्टँडवरची दोन-चार माणसं बघायला लागली. आप्पांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवले नाहीत, टोपीनंच पुसले.

"चारचौघांत बोललो व्हतो रं मी."

"मग चारचौघांत मोडा. आम्हीच ऐकलं होतं, आम्हीच विसरतो."

मग आप्पा म्हणाले, "तुझा त्यो काळा पेन आण. पार्सलवर नाव घालतोस त्यो."

मी मार्कर आणला. खोक्यावरचा जुना कागद फाडून जागा केली. येता येता दुकानातला एक लाकडी खुळखुळा उचलून गाठोड्यात खुपसला. ॲपवरही मिळतो खुळखुळा, पण त्यांच्यातला वाजत नाही नीट.

"काय लिहू?"

आप्पांनी टोपी घातली, टोकं ओढून सरळ केली. ओठ दोनदा हलले, आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला.

"लिही. खास शुभीसाठी."

लिहिलं. एसटी आली तेव्हा कमलवहिनी कुठून तरी आल्या, नवं लुगडं नेसून, आणि आप्पांच्या आधी आत जाऊन खिडकी धरून बसल्या. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, खोकं वर ठेवा." आप्पांनी नाही ठेवलं. मांडीवरच घेऊन बसले.